कॅमेरा घेऊन रस्ता ओलांडायला शिकले: अर्जापासून चौकापर्यंत

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी नेत्रतज्ज्ञांकडून नवा रिपोर्ट काढून घेतला, तिथून हे सगळं सुरू झालं. नोव्हेंबरच्या शेवटी घर ते ऑफिस या वाटेवरचे सिग्नलचे चौक मी पांढरी काठी आणि पादचारी दिवा ओळखणारा कॅमेरा घेऊन एकटीने पार करू लागले. मधल्या काळात जे झालं ते क्रमाने लिहिते आहे, कारण मी चौकशी करत होते तेव्हा दोनच गोष्टी कानावर यायच्या. एक, उपकरणं विकणाऱ्यांचे व्हिडिओ. त्यांतला अंध माणूस नेहमी हसतमुख असतो आणि चौक नेहमी रिकामा. दुसरी, "कशाला जिवाशी खेळ, कुणाचा तरी हात धर" हा सल्ला. कागद कोणते लागतात, किती थांबावं लागतं, कॅमेऱ्याला नेमकं काय जमतं आणि काय जमत नाही, हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. रात्रीचं दिसणं आधी गेलं, मग बाजूचं. आता उजव्या डोळ्यात मधोमध एक छोटी धूसर जागा उरली आहे, डाव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. घरात आणि ऑफिसात माझं काही अडत नाही. पांढरी काठी घेऊन फूटपाथवरूनही मी चालत होते. गाडं अडायचं ते फूटपाथ संपतो तिथे. "कुणी आहे का, पलीकडे जायचंय," असं म्हणत उभं राहायचं आणि जो येईल त्याच्या घाईने ओलांडायचं. काही जण न विचारता दंड धरून ओढतात. काही जण आपल्याला जायचंच नसतं त्या कोपऱ्यावर नेऊन सोडतात आणि निघून जातात. मदत करणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. पण रोज ऑफिसला वेळेवर पोचणं अनोळखी माणसावर सोपवायचं मला नको होतं.

सहाय्यक उपकरणांसाठी पैसे देणारी एक योजना आहे असं मैत्रिणीकडून कळलं. कॅमेरा असलेली खास उपकरणं माझ्या फोनच्या कितीतरी पट महाग असतात, तेव्हा स्वतःच्या खिशातून घेण्याचा प्रश्नच नव्हता. मार्चमध्ये अर्ज मागवला. तो आला स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात. म्हणजे अंधांसाठीच्या योजनेचा अर्ज स्क्रीन रीडरला, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नव्हता! ईमेल करून टाइप केलेली प्रत मागितली, ती आठवड्याने मिळाली. तुमच्यावरही ही वेळ आली तर फोनवर बोलत बसू नका, लेखी मागा. पुढे "अर्ज उशिरा आला" असं कुणी म्हणालं तर तोच ईमेल उपयोगी पडतो.

अर्जासोबत अपंगत्वाचा दाखला, नेत्रतज्ज्ञांचा रिपोर्ट, उत्पन्नाचा पुरावा, उपकरणाची तीन दरपत्रकं आणि एक हमीपत्र जोडायचं होतं. एप्रिलमध्ये फाइल परत आली. पहिला आक्षेप असा की रिपोर्टमध्ये उजव्या डोळ्याची दृष्टी ६/६० (इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसतं) लिहिली आहे, म्हणजे अर्जदार अंध या वर्गात बसत नाही. माझ्यासारख्या नजरेच्या लोकांना हा आक्षेप हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. किती बारीक अक्षर दिसतं यावरच अंधत्व ठरत नाही. दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर एका जागी ठेवून आजूबाजूचं जेवढं दिसतं तो भाग, किती उरलं आहे हेही धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात चांगल्या डोळ्याचं क्षेत्र मध्यबिंदूभोवती १० अंश त्रिज्येपेक्षा मोठं नसेल, तर अक्षरं वाचता येत असली तरी तो माणूस अंधत्वाच्या वर्गात मोडतो. माझं क्षेत्र त्याहून कमी आहे. पण डॉक्टरांनी क्षेत्राच्या तपासणीचा चार्ट जोडलाच नव्हता, एका ओळीत "क्षेत्र आकुंचित" एवढंच लिहिलं होतं. क्षेत्र किती अंश उरलं आहे, तपासणी कोणत्या आकाराच्या ठिपक्याने केली आणि कोणत्या तारखेला, हे तिन्ही चार्टवर असायला हवं. मला तपासणी पुन्हा करावी लागली आणि तिची फी पुन्हा भरावी लागली.

दुसरा आक्षेप दरपत्रकांवर होता. मी मागितलेलं उपकरण एकच विक्रेता विकतो, मग तीन दरपत्रकं आणायची कुठून? बरेच फोन झाल्यावर कळलं की त्या विक्रेत्याकडून "आम्ही एकमेव विक्रेते आहोत" असं पत्र आणलं की भागतं. ही सोय नियमात होती, अर्जावर मात्र कुठेच छापलेली नव्हती.

तिसरी एक अट होती: ओरिएंटेशन आणि मोबिलिटीचं, म्हणजे काठी आणि कानांच्या आधाराने एकट्याने फिरण्याचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत उपकरण मंजूर होणार नाही. तेव्हा ती मला जाचक वाटली. आज कुणी विचारलं तर त्या एका अटीसाठी मी त्या कार्यालयाचे बाकीचे सगळे घोळ माफ करीन.

प्रशिक्षकांची यादी लांब होती. नंबर लागायला जून उजाडला. तोपर्यंत हे तंत्रज्ञान चालतं कसं ते शोधत बसले, तेही इथेच सांगून टाकते.

पहिला प्रश्न मला पडला तो असा की फोनमध्ये नकाशा आणि जीपीएस असताना कॅमेरा हवाच कशाला? उत्तर सोपं निघालं. मोकळ्या आकाशाखालीही फोनच्या जीपीएसची अचूकता साधारण ५ मीटर, उंच इमारतींमध्ये त्याहून वाईट. म्हणजे मी चौकाजवळ आहे एवढं त्याला कळतं, पण रस्त्याच्या या बाजूला आहे की त्या, हे खात्रीने कळत नाही. दिवा लाल आहे की हिरवा हे तर नकाशाला माहीतच नसतं. ते बघायला डोळा लागतो, किंवा बोलणारा सिग्नल. काही चौकांत पादचारी सिग्नल टिकटिकतो, थांबायचं तेव्हा हळू आणि चालायचं तेव्हा भरभर. असा सिग्नल सगळीकडे असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

कॅमेऱ्याच्या ॲपमागचं काम ढोबळमानाने असं चालतं. पादचारी दिव्यांची हजारो छायाचित्रं संगणकाला दाखवून त्याला लाल, हिरवा आणि उलटी मोजणी यांतला फरक शिकवतात. २०१९ मध्ये लिटनेट नावाचं असं एक मॉडेल संशोधकांनी मांडलं. त्यासाठी शांघायच्या चौकांतली ५००० हून अधिक छायाचित्रं वापरली होती. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटली: ते दिव्याची स्थिती तर सांगतंच, शिवाय झेब्रा क्रॉसिंगची मधली रेषा कुठून कुठे जाते तेही सांगतं, म्हणजे माणूस तिरका चालला तर त्याला सावध करता येतं. आणि ते साध्या फोनवर चालेल इतकं हलकं ठेवलं होतं. आज ओकोसारखी ॲप फोनच्या कॅमेऱ्याने पादचारी दिवा ओळखून आवाजाने आणि कंपनाने कळवतात. पण शिकवलेली छायाचित्रं ज्या चौकांची, तसे दिवे तुमच्या चौकात नसतील तर ॲप गोंधळणार हे उघड आहे. उभा-आडवा खांब, बाणाची आकृती, चालणाऱ्या माणसाची आकृती, नुसता गोल दिवा, जागोजागी वेगळं असतं. म्हणून दुसऱ्या कुणाच्या चौकात ॲप छान चाललं यावरून आपल्या चौकाबद्दल काही सांगता येत नाही.

व्हिडिओ कॉलवर माणसाची मदत घेण्याचा पर्यायही पाहिला. बी माय आइज २०१५ पासून आहे, तिथे स्वयंसेवक फोनच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतात. आयरामध्ये प्रशिक्षित एजंट असतात, त्याचे पैसे पडतात. पण आयराचे एजंट तुम्ही प्रत्यक्ष रस्ता ओलांडत असताना बोलणं थांबवतात, तसं त्यांचं धोरणच आहे. ओलांडायचा निर्णय तुमचा, आणि त्या क्षणी कान मोकळे हवेत. प्रशिक्षित, डोळस, समोर पडद्यावर सगळं दिसणारा माणूस जिथे गप्प बसतो, तिथे ॲपने बडबडावं का, हा प्रश्न तेव्हाच डोक्यात शिरला.

जूनमध्ये प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्याच दिवशी प्रशिक्षक मॅडमनी माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. "मला थोडं दिसतं," मी म्हटलं. "तेच तर बंद करायचंय," त्या म्हणाल्या. उरलेल्या थोड्या नजरेवर आपण फार विसंबतो आणि ती नेमकी उन्हाच्या तिरिपीत किंवा संध्याकाळी दगा देते. पट्टी बांधल्यावर पहिले काही दिवस मी घामाघूम होऊन घरी यायचे, रडायचेही. मग हळूहळू कान जागे झाले.

काठीची पद्धत आधी नीट बसवली. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी लांब काठीची जी पद्धत घडवली, तीच आजही शिकवतात: डावं पाऊल पुढे तेव्हा काठीचं टोक उजवीकडे, उजवं पुढे तेव्हा डावीकडे. कॅमेऱ्याला खड्डा दिसेल न दिसेल, काठीला लागतोच. त्यानंतर चौक ऐकायला शिकले. आपण ज्या दिशेने जाणार त्याच दिशेने, आपल्या शेजारून धावणारी वाहतूक एकदम सुटते तो आवाज, आणि आपल्यासमोरून आडवी जाणारी वाहतूक थांबते तो आवाज, हे दोन्ही एका वेळी ऐकू आले की बहुधा आपला दिवा हिरवा झालेला असतो. "बहुधा" शब्द मॅडमचा. वळून येणाऱ्या गाड्यांना हा हिशोब लागू नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हे अवघड केलं आहे. युरोपात नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना हळू चालताना कृत्रिम आवाज काढणं सक्तीचं आहे, नव्या मॉडेलना जुलै २०१९ पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना जुलै २०२१ पासून. पण तो आवाज साधारण २० किलोमीटर वेगापर्यंतचा. सिग्नलला उभी असलेली गाडी तर काहीच बोलत नाही. पूर्वी इंजिनांच्या गुरगुरण्यावरून थांबलेल्या गाड्यांची रांग कळायची. आता रांगेत एक शांत गाडी आहे की मोकळी जागा आहे, ते सांगता येत नाही.

मग सरळ उभं राहणं. हे सोपं वाटतं, पण आधाराला काही नसेल तर अंध माणूस चालता चालता एका बाजूला झुकतो, आणि रुंद रस्त्यावर तेवढं झुकणं चौकाच्या मधोमध नेऊन ठेवायला पुरेसं असतं. फूटपाथच्या कडेला असलेल्या उंचवट्याच्या फरशा इथे कामी येतात. १९६५ मध्ये जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसल्या. ठिपक्यांची फरशी म्हणजे थांबा, लांबट रेघांची म्हणजे या दिशेने चला. फरशा असतील तिथे पायाने दिशा पकडायची, नसतील तिथे शेजारच्या वाहतुकीच्या आवाजाला समांतर उभं राहायचं. फूटपाथच्या कडेवर मात्र विसंबायचं नाही, कारण कोपऱ्यावर ती गोलाकार असते आणि तिला काटकोनात उभं राहिलं तर तोंड चौकाच्या मध्याकडे होतं.

ऑगस्टमध्ये मॅडमनी कॅमेरा हातात दिला. संस्थेकडे चाचणीसाठी काही उपकरणं होती, अनामत रक्कम भरून आणि हमीपत्रावर सही करून ती घरी नेता येत होती. अर्जात मागितलेलं उपकरण विकत घेण्याआधी असं उसनं मिळतंय का, हे अवश्य विचारा. योजनेचा अर्ज उपकरणाचं नाव आधी मागतो आणि ते वापरून बघायची संधी नंतर येते, हा उलटा क्रम आपणच सुलटा करून घ्यावा लागतो.

पहिले काही आठवडे ओलांडायचंच नाही असा नियम होता. कोपऱ्यावर उभं राहायचं, ॲप काय म्हणतं ते ऐकायचं, कान काय म्हणतात ते ठरवायचं, मग मॅडम खरं काय ते सांगणार. कंटाळवाणं काम, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवून गेलेलं. यंत्र कधी चुकतं याचा नमुना तिथे कळला.

एक तर भर उन्हात ॲप मध्येच "दिवा दिसत नाही" म्हणायचं, दिवा समोर असताना. कारण गमतीचं आहे. एलईडी दिवे माणसाच्या डोळ्याला सलग पेटलेले वाटतात, प्रत्यक्षात ते फार वेगाने लुकलुकत असू शकतात. कडक उन्हात कॅमेरा अगदी क्षणभरच उघडतो आणि नेमका दिवा विझलेला क्षण टिपला जाऊ शकतो. चांगलं ॲप एका चित्रावर विसंबत नाही, लागोपाठच्या अनेक चित्रांवरून ठरवतं, म्हणून त्याचं उत्तर थोडं उशिरा येतं. तो उशीर खटकला तरी बरा. मावळतीचा सूर्य दिव्याच्या मागे असेल तर मात्र कुठलंच ॲप चालत नव्हतं. अंधारात उलट दिवा ठळक दिसायचा पण झेब्राचे पट्टे हरवायचे. मोठी बस समोर आली की सगळंच बंद. पावसात भिंगावर थेंब, आणि ओल्या रस्त्यावरच्या टायरांच्या आवाजात कानही निकामी. भर पावसात मी एकटी ओलांडत नाही.

याहून गंभीर म्हणजे चुकीचा दिवा पकडणं. तिरकस चौकात शेजारच्या क्रॉसिंगचा दिवा कॅमेऱ्यात यायचा आणि ॲप खुशाल "हिरवा" म्हणायचं. ते खोटं नव्हतं, फक्त तो हिरवा माझा नव्हता. इथे एक गोष्ट लक्षात आली जी मी कुठे वाचली नव्हती. मी आधी मागितलेलं उपकरण चष्म्यावर बसणारं होतं. पण अंध माणूस चौकात डोकं स्थिर ठेवत नाही, आवाजाच्या दिशेला कान लावायला ते सतत वळवतो. डोकं वळलं की कॅमेरा वळला, आणि मी डावीकडची गाडी ऐकत असताना तो डावीकडचा दिवा वाचत बसला. छातीवरचा कॅमेरा धडासोबत राहतो, आणि धड मी आधीच फरशीवर सरळ करून घेतलेलं असतं. चष्मा कागदपत्रं वाचायला, दारावरची पाटी वाचायला उत्तम असेल. रस्ता ओलांडायला मला छातीवरचाच हवा. दिसणाऱ्या माणसाने हे सुचवलं नसतं, कारण तो ज्या दिशेला बघतो तिकडेच त्याचं लक्ष असतं.

फोन हातात धरायचा तर एका हातात काठी, दुसऱ्यात फोन, मग सिग्नलचं बटण दाबायला हात कुठला? बटणाचा सिग्नल असेल तिथे बऱ्याचदा ते दाबल्याशिवाय पादचाऱ्यांचा दिवा हिरवा होतच नाही, आणि ॲप बिचारं "लाल, लाल" म्हणत राहतं. म्हणून फोन छातीवर अडकवायचा पट्टा घ्याच. आवाजासाठी कानात घालायचे हेडफोन अजिबात नकोत. गालाच्या हाडावर टेकणारे, कान उघडे ठेवणारे हेडफोन मिळतात ते घ्या. त्यांतूनही मी बोलणं बंद करून फक्त कंपन ठेवलं आहे. भरभर कंपन म्हणजे हिरवा, सावकाश म्हणजे लाल, काहीच नाही म्हणजे माहीत नाही. "काहीच नाही" याचा अर्थ "जा" असा कधीही होता कामा नये. ज्या ॲपमध्ये फक्त लाल असताना सूचना येते आणि एरवी शांतता असते, ते वापरू नका, बाकी कितीही चांगलं असो.

मॅडमनी घालून दिलेला आणखी एक नियम सांगते. कॅमेरा चालू केल्यावर पहिल्यांदा "हिरवा" आलं तर निघायचं नाही. तो हिरवा किती वेळापासून आहे कुणास ठाऊक, दोन सेकंदांत संपेल. लाल होऊ द्यायचा आणि पुन्हा हिरवा होईल त्या बदलावर निघायचं. तेही ॲपने बदल सांगितला आणि कानांनी शेजारची वाहतूक सुटल्याचं ऐकलं, दोन्ही जुळलं तरच. एक जरी साक्षीदार गप्प असेल तर पुढचा दिवा. ऑफिसला पाच मिनिटं उशीर होतो, होऊ दे.

सिग्नल नसलेल्या रस्त्याचं काय, हे सगळे विचारतात. जाहिराती तिथेही मदतीचं आश्वासन देतात. मी गणित मांडून पाहिलं. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे १२ मीटर रुंद रस्ता ओलांडायला १० सेकंद. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते, १० सेकंदांत १४०. म्हणजे मी पाऊल टाकताना कॅमेऱ्याला १४० मीटरवरची गाडी ओळखता आली पाहिजे, दोन्ही बाजूंची. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला आडवं साधारण ७० अंश दिसतं. ते चित्र लहान करून, समजा ६४० ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) रुंदीचं करून, मॉडेलला दिलं तर त्यात ती गाडी जेमतेम सहा-सात ठिपक्यांची असते. शिवाय कॅमेरा समोर बघतो आणि गाडी बाजूने येते. काही फोनमध्ये अंतर मोजणारा लायडार असतो, पण त्याचा पल्ला ५ मीटरच्या आसपास, तो माणूस किंवा दार शोधायला ठीक. तेव्हा बिनसिग्नलच्या रुंद रस्त्यावर मी कॅमेरा उघडतसुद्धा नाही. वळसा घालून सिग्नलपर्यंत जाते, किंवा कुणाला तरी विचारते. मॅडमना हे गणित दाखवलं तर म्हणाल्या, "मी हे इतकी वर्षं बोंबलून सांगतेय, आकड्यांत कधी मांडलं नव्हतं."

सप्टेंबरअखेर पहिल्यांदा एकटीने ओलांडलं. एकटीने म्हणजे मॅडम मागे, हात लावायचा नाही, धोका असेल तर "थांब" एवढंच ओरडायचं. दिवा बदलला, शेजारून गाड्या सुटल्या, आणि माझा पाय उचलेना. तो दिवा तसाच गेला. पुढचाही. मॅडम काही बोलल्या नाहीत. तिसऱ्याला गेले. मध्यावर पोचल्यावर कंपन थांबलं, काळजात धस्स झालं. पण निघाल्यावर दिव्याकडे लक्ष द्यायचं नाही हे ठरलेलं होतं: अर्ध्या रस्त्यात कॅमेऱ्याने काहीही सांगितलं तरी काठीने पुढचा काठ शोधत सरळ जायचं, परत फिरायचं नाही, थांबायचं नाही. पलीकडे पोचल्यावर कळलं की समोरून येणाऱ्या माणसांनी दिवा झाकला होता.

ऑक्टोबरमध्ये मूल्यमापन झालं. दुसऱ्या प्रशिक्षकांनी मला ओळखीच्या आणि अनोळखी चौकांत नेलं, एका ठिकाणी मुद्दाम ॲप बंद करायला सांगितलं. बॅटरी संपेल तेव्हा काय करशील, हे त्यांना बघायचं होतं. (कॅमेरा आणि मॉडेल सतत चालू असताना फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. पॉवर बँक बाळगा आणि ॲप फक्त कोपऱ्यावर उघडा.) कंपनी ॲप बंद करते तेव्हा काय, हाही प्रश्न त्यांनी विचारला. मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप, आजूबाजूची ठिकाणं आवाजाने कळवणारं ॲप, २०१८ मध्ये आलं, अनेक अंध लोकांच्या रोजच्या चालण्याचा भाग झालं आणि २०२३ मध्ये कंपनीने ते थांबवलं. कोड खुला केला म्हणून इतरांनी ते पुढे चालवलं. पण दर वेळी तसं होईलच असं नाही. त्यामुळे माझी वाट मी ॲपशिवायही येईल अशी पाठ केली आहे: कुठल्या कोपऱ्यावर फरशा आहेत, कुठे बटण आहे, कुठे वळणाऱ्या गाड्या जास्त येतात.

प्रमाणपत्र मिळालं आणि मी योजनेला कळवलं की चष्म्यावरचं महागडं उपकरण नको, त्याऐवजी चांगल्या कॅमेऱ्याचा फोन, छातीवरचा पट्टा आणि कान उघडे ठेवणारे हेडफोन द्या. एकूण खर्च मूळ मागणीपेक्षा बराच कमी. मला वाटलं, खूश होतील. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते, ती नोव्हेंबरमध्ये झाली. निर्णय असा आला: पट्टा आणि हेडफोन मंजूर, फोन नामंजूर, कारण फोन ही "सर्वसाधारण वापराची वस्तू" आहे, सहाय्यक उपकरण नव्हे. मूळ महाग उपकरण मात्र अजूनही मंजूर होऊ शकतं, हवं असल्यास कळवावं! फोन मी हप्त्यांवर घेतला.

पुनर्विचारासाठी अर्ज केला आहे. सोबत मॅडमचं शिफारसपत्र, दोन्ही खर्चांची तुलना आणि छातीवरचा कॅमेरा माझ्या नजरेला का जास्त योग्य आहे याचं एक पान जोडलं. असा अर्ज करणार असाल तर प्रशिक्षकांच्या पत्रात "या वापराला पर्यायी उपकरण योग्य ठरत नाही" हे वाक्य स्पष्ट लिहून घ्या, मला ते नंतर पुरवणी म्हणून पाठवावं लागलं. पोच मिळाली आहे, क्रमांकासह. पुढची बैठक फेब्रुवारीत आहे.